म्हसळ्याच्या मुलीची परवानगी

कुंदाताई, तुझ्या पुस्तकाचा प्रस्ताव पुरा होऊन गेला एकदाचा. पण त्याआधी, त्याऐवजी, मी आपल्या होमस्टेचं दरपत्रक पाठवलं.

कपाळावर हात मारून घेऊ नकोस, ऐक आधी. दोन्ही फायली कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी होत्या, दोन्हींच्या नावात 'अंतिम' होतं, आणि चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. शालेय समुपदेशकांच्या तुमच्या त्या संघटनेच्या पुस्तक समितीला मी अत्यंत गंभीर शब्दांत कळवलं की, 'कुंदाताईंच्या आयुष्यभराच्या अनुभवाचे सार सोबत जोडत आहे.' आणि सोबत जोडलं काय? वातानुकूलित खोली, साधी खोली, सुरमई थाळी, शाकाहारी थाळी, आणि तळाशी ठळक अक्षरांत 'सोलकढी कितीही वेळा'.

दुसऱ्या दिवशी समितीतल्या बाईंचा फोन आला. फार सभ्य आवाज. म्हणाल्या, "सर, नाश्त्याला घावणे मिळतात ते समजलं. पुस्तकात नवं काय घातलंत ते नाही समजलं."

मी माफी मागायला लागलो तर त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता मध्येच थांबल्या. "कुंदाताई असत्या ना," त्या म्हणाल्या, "तर आज बैठक पुढे गेलीच नसती. हसणं आवरायचं नाही त्यांना." म्हणजे तुझं ते डोळ्यांतून पाणी काढणारं, शेवटी खोकल्यावर संपणारं हसणं त्यांनाही माहीत होतं तर. फोन ठेवला आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मला नीट रडू आलं. तेराव्यापर्यंत मी चौलला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चहाचं आणि खुर्च्यांचं बघत होतो. त्यात बरं असतं, रडायला सवड होत नाही.

या भानगडीत तू मला ओढलंस ते गेल्या वर्षी गणपती गेल्यावर. चौलहून रिक्षा करून नागावला आलीस, ओटीवर टेकलीस आणि पाणी प्यायच्या आधी म्हणालीस, "नंदू, पुस्तक करायचंय. मला तू लागणार आहेस."

ताई, मी किती फुललो होतो ते तुला दिसलं असणारच. लग्नामुंजीत पंगत उठल्यावर ज्याच्याभोवती पोरंबाळं गोळा होतात असा मी माणूस. पन्नाशी उलटली, पण गावच्या उत्सवाच्या स्मरणिकेतले दोन लेख सोडले तर मला कुणी लेखक म्हटलेलं नाही. आणि तू, माझी मावसबहीण, इकडच्या निम्म्या शाळांमधून मुलांच्या मनाचं बघणारी, तुला मी लागणार! मी आत जाऊन नवं पेन शोधून आणलं. मेधाने विचारलं, "अहो, ताई आल्यात, चहाचं विचारलंत का?" मी म्हटलं, "आम्ही कामात आहोत."

मग तू समजावलंस. संघटना आपल्या सभासदांसाठी पुस्तकं काढते. पण आधी प्रस्ताव पाठवायचा. पुस्तकाचं नाव काय, ते कुणासाठी, आधीच्या पुस्तकांहून वेगळं काय, प्रकरणं कोणती, आणि नमुन्याचं एक प्रकरण. मी लगेच नाव सुचवलं, 'मनाच्या किनाऱ्यावर'. तू म्हणालीस, "किनारा आपल्याकडे आहे तेवढा पुरे." तुझं नाव ठरलेलं होतं: 'हात कामात असताना'. वाचक कोण, या प्रश्नापुढे मी 'समस्त मराठी माणूस' लिहिलं. तू ते खोडून लिहिलंस, 'ज्यांना शाळेने वेगळी खोली दिलेली नाही असे समुपदेशक.' आणि वेगळेपणाच्या रकान्यात मी 'असे पुस्तक आजवर झाले नाही' असं झोकात लिहिलं, तेव्हा तू मला जवळ बसवून घेतलंस.

"नंदू, मी होते या समितीवर. हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात असतं. आधीची पुस्तकं वाचली नसली की माणूस हे वाक्य लिहितो."

नवं पेन मी खिशात ठेवून दिलं.

तुझी पद्धत काय ते मला तोवर ठाऊक नव्हतं. एवढंच ऐकून होतो की कुंदाबाई शाळेत पोरांकडून वाल सोलून घेतात. तुला पहिल्यांदा खेळाच्या सामानाची खोली दिली होती आणि दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी. त्या दारातून आत जाताना जो मुलगा दिसायचा त्याला बाकीचे आठवडाभर चिडवायचे. म्हणून तू पाटी काढलीस, मागच्या नळापाशी पायरीवर बसायला लागलीस, आणि घरून मोड आलेल्या वालांचं पातेलं आणायला लागलीस. कोमट पाण्यातले वाल, एक ताट सालांना, एक सोललेल्या डाळिंब्यांना. ज्याला बोलायचं असेल त्याने येऊन सोलायला बसावं. ज्याला नसेल त्यानेही नुसतं सोलावं. मास्तर लोक म्हणायचे, सरकार पगार देतं समुपदेशनाचा आणि बाई करून घेतात बिरड्याची तयारी. शिपाई तर रोज विचारायचा, "बाई, आज कोनाचं बिरडं हाय?" तू त्यालाही एक ताट पुढे करायचीस.

"समोरासमोर खुर्चीत बसवून 'बोल बाळा' म्हटलं की मोठा माणूससुद्धा बोलत नाही," तू मला सांगितलंस. "नजर खाली लागते. हात गुंतलेले लागतात. आणि आपलेही गुंतलेले लागतात, नाहीतर आपण मध्ये बोलतो."

मी म्हटलं, वा, हे मी मस्त रंगवून लिहितो. तू म्हणालीस, "तुला लिहायला नाही बोलावलं रे. तुला ओळखायला बोलावलंय."

काय तो अपमान, ताई! म्हणजे असं की, पुस्तकात मुलांच्या हकिगती घालायच्या, तर नावगाव बदलायला हवं. पण आपल्याकडे नाव बदलून काय होतं? अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत कोण कुणाचा कोण हे सगळ्यांना पाठ. तेव्हा तुला हवा होता एक असा माणूस, ज्याला प्रत्येक घरातलं माहीत आहे आणि ज्याच्या तोंडाला कुलूप नाही. त्याने ओळखलं नाही तर जगात कुणी ओळखणार नाही.

"माझ्यातल्या लेखकाचं काय?" मी विचारलं.

"त्याचं बघू. आधी तुझ्यातल्या भोचकाला काम आहे."

मग तू दर रविवारी यायचीस आणि एकेक हकिगत वाचायचीस, आणि मी ती धडाधड ओळखायचो. तू मुलाची मुलगी केलीस, बापाच्या समुद्रावरच्या बोटींच्या जागी रिक्षा घातल्यास, तरी मी म्हटलं, "घरात दोन टीव्ही, कारण भाऊ भाऊ बोलत नाहीत? हे आपल्या वरच्या आळीतलं." तू पान फाडलंस. दुसऱ्या हकिगतीत आजीला मांजरांचा राग होता, तेवढ्यावरून मी घर सांगितलं. तेही पान गेलं. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगतो, अभिमानही वाटायचा. मेधा आतून म्हणायची, "ताई, यांना पोलिसात तरी घालायला हवं होतं."

आणि मग तू ती म्हसळ्याच्या मुलीची हकिगत वाचलीस.

चौथीतली मुलगी. आईला बाळ व्हायचं होतं, बाळ झालं आणि राहिलं नाही. घरात कुणी त्याबद्दल बोलेना. मुलीला काही दिवस नातेवाइकांकडे पाठवलं. तिथे ती सगळ्यांना हसवायची. पोस्टमनची नक्कल, भटजींची नक्कल, शिंकणाऱ्या काकांची नक्कल. जेवताना सगळं घर हसून बेजार. फक्त वाल सोलायला बसली की गप्प. आणि एक दिवस खाली बघत, सोलता सोलता म्हणाली, "मीच म्हटलं होतं आईला. मला भाऊ नको."

तू कागद खाली ठेवलास. "कोण?"

मी डोकं खाजवलं. म्हसळ्यापर्यंत माझा हात पोचत नाही, पण थोडं तरी लागायला हवं होतं. "नाही ओळखत," मी म्हटलं. "आणि ताई, एक सांगू? मुलगी जरा बनावट वाटते. एवढं मनात असलेलं पोर एवढ्या नकला करेल होय?"

"करतं."

"बरं. मग पास. घाल ही."

"हिची परवानगी घ्यायला हवी."

"मग घे."

"घेतेय की."

मी शेंगदाणे खात होतो. खातच राहिलो. तू म्हणालीस, "नंदू, ती मुलगी नाही. मुलगा आहे. नागावचा."

"नागावचा? मग मी ओळखायला हवा होता!"

"मलाही तसंच वाटलं होतं," तू म्हणालीस.

ताई, चौलच्या त्या दिवसांची गोष्ट मी आजवर किती पंगतींना सांगितली असेल! तुमच्या वाडीतल्या पाटात पडलो ती, सुपारीवर चढून अर्ध्यात अडकलो ती, काकांची शिंक. माझ्या गोष्टीत मी चौलला मजा करायला गेलो होतो. माझ्या गोष्टीत बाळ नव्हतंच. आणि तू दहावीतली, परकर-पोलक्यातून नुकती बाहेर आलेली, माझ्यासमोर वाल घेऊन बसली होतीस ते मला आठवत होतं, पण आपण काय बोललो ते नाही. तू सांगितलंस तेव्हा एकदम ते ओलं साल बोटाला चिकटलेलं जाणवलं. मी ते वाक्य बोललो आणि तू काहीही म्हणाली नाहीस. तुझ्या ढिगातली एक मूठ उचलून माझ्या ढिगात टाकलीस, म्हणजे मला आणखी थोडा वेळ बसता यावं. मी बसलो. बोललो. ताट रिकामं झाल्यावर तू म्हणालीस, "कुणाच्या म्हणण्याने बाळं जात नाहीत, नंदू," आणि उठून हात धुतलेस.

पद्धतीचा उगम कुठून, असा एक प्रश्न त्या प्रस्तावात होता. तुझी पद्धत तिथून आली होती. पुढे तू शिकलीस, पदविका घेतलीस, पुस्तकं वाचलीस, पण सुरुवात त्या ताटापासून. माझ्यापासून.

आणि मी म्हटलं, "नको, ताई."

"बरं."

"आई आहे अजून."

"म्हणून तर बरं म्हटलं."

पण तू तेवढ्यावर थांबली नाहीस. "गोष्ट तुझी आहे पण," म्हणालीस. मी म्हटलं, आईची आहे. तू म्हणालीस, मग तिला विचार. मी म्हटलं, तिने इतक्या वर्षांत त्यावर एक शब्द काढलेला नाही. तू विचारलंस, "तू काढलास?" तेवढ्यात मेधा चहा घेऊन आली आणि आपण दोघं यंदाच्या सुपारीवर बोलायला लागलो. तो वाद तसाच राहिला.

तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. एखादी बहीण रुसली असती, एखादीने समजूत घातली असती. तू पुढच्या रविवारी आलीस, पुढची हकिगत वाचलीस, मी ओळखली, तू पान फाडलंस. उगमाचा रकाना तू कोरा ठेवलास. मी सुचवलं होतं की लिही काहीतरी, आजीकडून शिकले म्हणून. तू म्हणालीस, "पोरांना मी सांगते, इथे खोटं बोलायची गरज नाही. आणि पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मी?"

रकाना कोरा ठेवूनच तू प्रस्ताव पाठवलास. समितीचं उत्तर आलं. कल्पना आवडली, पण ही पद्धत कशी सुचली ते यायलाच हवं, आणि निदान एक हकिगत पूर्ण हवी. मग तुझं आजारपण आलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही, तुला स्वतःलाच त्याचा कंटाळा आला होता. दवाखान्यात मी डब्यातली पेज देत होतो तेव्हा तू म्हणालीस, "त्यांना कळव, माझा प्रस्ताव मागे घेतला म्हणून. उगाच वाट बघत बसतील." मी हो म्हटलं. एवढी वर्षं मुलांना बोलतं करणारी तू, आणि तुझं पुस्तक माझ्या गप्प राहण्यामुळे मागे जायचं होतं, आणि तेही कळवायचं काम माझ्याकडे. पण तुझ्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. पेज आळणी आहे एवढीच तक्रार केलीस.

तू गेल्यावर ते कळवायला मी बसलो. 'महोदया' लिहिलं. पुढे जाईना. उठलो आणि मागच्या पडवीत गेलो. शनिवारचे पाहुणे बिरडं मागतात, म्हणून आई वाल सोलत बसली होती. मी हात धुतले आणि समोर बसलो.

आई म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला?"

"बसलो असाच."

"बस. पण चेपटवू नको. नखाने काढ."

मी काढायला लागलो. पहिले पाचदहा चेपटवलेच. नजर खाली होती. ताई, तू म्हणायचीस ते खरं आहे, नजर खाली असली की माणूस स्वतःलासुद्धा जरा कमी दिसतो.

"आई, मी चौलला राहायला गेलो होतो ना. चौथीत."

तिचे हात चालूच होते. "हो."

"तेव्हा मी तुला म्हटलं होतं, मला भाऊ नको."

मी वर बघितलं नाही. बाहेर कुणाच्या तरी पंपाचा आवाज होता.

"मला वाटलं तू लहान होतास, विसरलास," आई म्हणाली. "म्हणून मी कधी काढलं नाही."

"मला वाटलं तुला..."

"मीपण म्हटलं होतं रे," ती म्हणाली. "एवढ्यात नको म्हणून. तुझ्या बाबांना. रागारागात."

एवढी वर्षं, ताई. एकाच घरात, एकाच ताटातलं जेवत, आम्ही दोघं तेच एक वाक्य घेऊन बसलो होतो, आणि एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प होतो. मी माझ्या ढिगातली एक मूठ उचलून तिच्या ढिगात टाकली. तिने ती बघितली आणि परत माझ्याकडे सरकवली. "तुझं काम माझ्यावर ढकलू नको," म्हणाली. मग आम्ही दोघंही हसलो, आणि मग हसलो नाही. त्यानंतर तिने पुष्कळ सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे, आणि हा धडा मला तुझ्याकडून नीट मिळालाय.

शेवटी मी विचारलं, "कुंदाताईच्या पुस्तकात हे एवढंच घालू? तू म्हटलंस तर."

"कोण वाचणार ते?"

"शाळेत मुलांशी बोलतात ते लोक."

तिने ताट उचललं, सालं झटकली. "घाल," म्हणाली. "आला होता तो. एवढं कुठेतरी लिहिलेलं असू दे."

तुझी म्हसळ्याची मुलगी मी होती तशी ठेवली आहे. तुझं एक वाक्य बदललेलं नाही, तू चिडशील म्हणून, आणि ते माझ्याहून चांगलं आहे म्हणूनही. फक्त कोऱ्या रकान्यात चार ओळी लिहिल्या, की ही मुलगी म्हणजे लेखिकेचा मावसभाऊ, तो आता मोठा झालाय, नकला अजून करतो, आणि त्याची आणि त्याच्या आईची परवानगी आहे. मग ते पाठवलं. म्हणजे दरपत्रक पाठवलं. मग ते पाठवलं.

समितीचं उत्तर यायचंय. घेतील की नाही, मला सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, पुढच्या बैठकीत वाचू. तुझ्या शाळेतल्या जागी आलेली मुलगी मला परवा रेवदंड्याच्या बाजारात भेटली. तिच्या पिशवीत वाल होते. मी विचारलं नाही कशासाठी. बघ, सुधारतोय.

तुझे आभार मानायचे राहिले. हयात असताना मानले असते तर तू म्हणाली असतीस, "नाटकं करू नको, नंदू, चहा सांग." म्हणून तेव्हा मानले नाहीत. आता तू अडवू शकत नाहीस तर सांगतो. मी रडत नव्हतो तेव्हा तुला कळलं होतं की मी रडतोय. आणि ते कळल्याचं तू मला कळू दिलं नाहीस. मी हसवत राहिलो, तू हसत राहिलीस, आणि मध्ये वालांचं ताट ठेवलंस. माझ्या सगळ्या गोष्टी त्यानंतर आल्या, ताई. त्याआधीच्या नुसत्या नकला होत्या.

प्रस्ताव खरोखर गेला त्या संध्याकाळी मी मेधाला सगळं सांगितलं. आई काय म्हणाली तेही, आईला विचारून. मेधाने शांतपणे ऐकलं, पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "आईंची परवानगी घेतलीत ते फार बरं केलंत. आता माझं ऐका. माझे पहिले मोदक फुटून त्यांची खीर झाली, ती गोष्ट तुम्ही येईल त्या पाहुण्याला सांगता. माझी परवानगी नाही."

मी म्हटलं, "अगं, मग शनिवारी पाहुण्यांना सांगू काय?"

"तुमची सांगा," मेधा म्हणाली. "आता येते तुम्हाला."